आनंद म्हणजे दुःखाचा नकार नव्हे

प्रश्न : अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, डोक्यावर कर्ज आहे. रविवारी आनंदाचं प्रवचन ऐकताना मन खट्टू होतं. श्रद्धा ही पळवाटच नाही का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : नाही. आनंदाने भरलेलं फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बेड्यांत असताना लिहिलं. स्तोत्रसंहितेत देवाकडे केलेल्या तक्रारी जागोजागी आहेत आणि लाजराच्या कबरीकडे जाताना येशू स्वतः रडला. म्हणजे प्रार्थनेत रडणं, देवाला जाब विचारणं ही अश्रद्धा नव्हे. पळवाटेचा आक्षेप पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर घासून पाहा. आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले, १८८२ मध्ये पती गेले, १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनीच उपाशी मुलींना आसरा दिला आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं केलं. पळणाऱ्याच्या हातून असं काम होत नाही.

श्रद्धेने कर्ज फिटत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून पंचनामा आणि पीकविम्याचा पाठपुरावा सोडू नका. जीव नकोसा वाटला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर लगेच बोला. आणि मंडळीत मन मोकळं करा. वाटून घेतलेल्या ओझ्यातच हा आनंद रुजतो.