प्रौढपणीं सायकल शिकणें

पोहणें आणि सायकल चालविणें या दोन विद्या लहानपणींच साधाव्या, पुढें त्या साधत नाहींत, असा एक समज आपल्या समाजांत रूढ आहे. या समजापायीं पुष्कळ सुबुद्ध माणसें उभ्या आयुष्यांत सायकलीला हात लावीत नाहींत. आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट खरी वाटणार नाहीं, कारण आपण कोणत्या दिवशीं सायकल शिकलों हेंही त्यांच्यापैकीं बहुतेकांना आठवत नसेल. त्यांनीं घरीं जाऊन आई, मावशी, काका यांना सहज विचारून पाहावें. 'मला येत नाहीं' असें हळूच सांगणारें एखादें वडील माणूस बऱ्याच घरांत निघेल.

पुणें शहराविषयीं तर हें विशेष नवल. एके काळीं हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें पेठापेठांतून होतीं. लहान सायकल न मिळाली तर मुलें मोठ्या सायकलीच्या मधल्या दांडीखालून पाय घालून ती चालवीत, आणि गुडघे फोडून घेत घेत आठवड्याभरांत तरबेज होत. पुढें १९७२ सालीं लुना आली, मागून स्कूटरी आणि मोटारसायकली वाढल्या, आणि भाड्याचीं दुकानें एकामागून एक बंद पडलीं. ज्यांचें बालपण त्यानंतर गेलें, किंवा ज्या स्त्रिया लग्न होऊन खेड्यांतून शहरांत आल्या, त्यांच्यापैकीं अनेकांना शिकण्याची संधीच मिळाली नाहीं. यांत त्यांच्या बुद्धीचा किंवा धैर्याचा कांहीं दोष नाहीं.

वय आड येतें असें म्हणणाऱ्यांसाठीं दोन उदाहरणें देतों. अमेरिकेंतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड या वयाच्या ५३ व्या वर्षीं सायकल शिकल्या, आणि आपण कशा शिकलों याचें त्यांनीं १८९५ सालीं एक छोटेखानी पुस्तकच प्रसिद्ध केलें. त्याच सालीं मॉस्को येथें, वयाची पासष्टी उलटून गेलेले लिओ टॉल्स्टॉय सायकल शिकले. त्या काळच्या सायकली आजच्याहून जड, आणि विलर्डबाईंच्या अंगावर पायघोळ झगा. तेव्हां पन्नाशीच्या अलीकडच्या माणसानें वयाची सबब सांगावी हें आम्हांस पटत नाहीं.

प्रौढाची खरी अडचण निराळी आहे. त्याला दोन भयें असतात : एक पडण्याचें आणि दुसरें हंसें होण्याचें. पैकीं दुसरें अधिक बलवान. लहान मूल पडलें तर चार माणसें उचलायला धांवतात. मिशा पिकलेला गृहस्थ पडला तर तींच चार माणसें तोंड फिरवून हंसतात. म्हणून प्रौढानें अशा रीतीनें शिकावें कीं पडण्याचा प्रसंग शक्यतों येऊंच नये. अशी रीत आहे, आणि ती सायकलीच्या इतिहासांतच सांपडते.

जर्मनींत मानहाइम येथें कार्ल फोन ड्राइस या गृहस्थानें १२ जून १८१७ रोजीं एका दुचाकी यंत्रावर बसून प्रथम फेरी मारली. या यंत्राला पायडलें नव्हतीं, चेन नव्हती, ब्रेकचीही आजच्यासारखी सोय नव्हती. लांकडाची एक चौकट, पुढेंमागें दोन चाकें, आणि पुढचें चाक वळविण्यास एक दांडा. बसणारानें दोन्ही पायांनीं जमीन मागें रेटीत पुढें जावयाचें. पायडलें आलीं तीं त्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षांनीं, फ्रान्समध्यें; तींही पुढच्या चाकालाच जोडलेलीं. मागच्या चाकाला चेन लावलेली, आजच्या सायकलीची खरी आजी म्हणावी अशी 'रोव्हर' १८८५ सालीं इंग्लंडांत निघाली, आणि १८८८ सालीं डनलॉप यानें हवेचा टायर काढला. म्हणजे मनुष्यजात प्रथम तोल शिकली आणि मग पायडल मारूं लागली. आपण मात्र नवशिक्याला एकदम पायडलावर चढवितों, मागून बैठक धरून पळतों, आणि मध्येंच गुपचूप हात सोडून देतों! ही फसवणूक लहान मुलाच्या बाबतींत खपते. मोठ्या माणसाचा मात्र त्यानंतर सायकलीवरचाही विश्वास उडतो आणि आपल्यावरचाही.

यास्तव प्रथम दोन्ही पायडलें काढून टाकावीं. पंधराचा पाना असला कीं काम होतें; पण येथें एक खुबी आहे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पाना उभा लावून त्याचें वरचें टोंक मागच्या चाकाच्या दिशेला ओढलें कीं दोन्ही बाजूंचीं पायडलें सुटतात, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे. नंतर बैठक इतकी खालीं घ्यावी कीं बसल्या बसल्या दोन्ही तळपाय सपाट टेकतील. आतां सायकल ड्राइसच्या यंत्रासारखी झाली. मोकळ्या, किंचित् उताराच्या जागीं बसून पावलांनीं रेटीत चालावें. मग रेटा देऊन दोन्ही पाय उचलावे. प्रथम एका अंकाइतका वेळ, मग दोन, मग पांच. तोल जातो आहे असें वाटलें कीं पाय टेकावे; ते जमिनीपासून चार बोटांवरच असतात. दहा अंकांपर्यंत पाय न टेकतां सायकल सरळ जाऊं लागली म्हणजे निम्म्याहून अधिक विद्या हातीं आली. मग एक पायडल लावावें, पुढच्या खेपेस दुसरें.

हें चाललें असतां ब्रेकची ओळख करून घ्यावी. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा हें आधीं पाहावें. थांबतांना शरीराचा भार पुढें येतो, म्हणून पुढचाच ब्रेक अधिक काम करतो. परंतु तो एकटा आणि एकाएकीं दाबूं नये. दोन्ही हळूहळू आवळावे आणि अंग जरा मागें न्यावें.

तोल राहतो तरी कसा? विद्यार्थ्यांनीं हें अवश्य समजून घ्यावें, कारण यांतच शिकविणाऱ्याला काय सांगावयाचें तें आहे. तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काय करतो? काठी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तो हात नेतो, आणि काठीचा पाया पुन्हा तिच्या भाराखालीं येतो. सायकल तशीच. ती डावीकडे पडूं लागली कीं हँडल किंचित् डावीकडेच वळवावें लागतें, म्हणजे चाकें सरकून आपल्या भाराखालीं येतात. नवशिका भीतीनें नेमकें उलट करतो किंवा हँडल गच्च धरून ठेवितो, आणि पडतो. फिरत्या चाकांमुळें भोंवऱ्याप्रमाणें सायकल उभी राहते, असें पुष्कळांस वाटतें. १९७० सालीं डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें सायकलीला उलट फिरणारें जादा चाक जोडून भोंवऱ्याचा तो परिणाम नाहींसा केला, तरी त्याला ती चालवितां आली! पुढें २०११ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट आणि अमेरिकेंतील कॉर्नेल येथील संशोधकांनीं तर अशी एक लहान दुचाकी बनविली कीं तींत हा परिणाम नव्हता, तरी ढकलून दिली असतां ती माणसावांचून कांहीं अंतर तोल सांवरीत गेली. पडत्या बाजूला पुढचें चाक आपण होऊन वळणें, हेंच त्यांतलें मर्म.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. चाकें भाराखालीं सरकण्यास सायकल पुढें जात असावी लागते. भीतीनें अगदीं हळू चालविणारालाच हेलकावे अधिक बसतात. धीम्या पण निश्चित गतीनें, दृष्टि पंधरा-वीस पावलें पुढें ठेवून चालवावें. जेथें डोळे तेथें चाक. मैदानांतल्या एकट्या दगडाकडे टक लावून पाहिलें कीं सायकल त्याच दगडावर जाते.

गेल्या वर्षीं शनिवारीं दुपारीं आम्ही आमच्या शाळेच्या मैदानावर कांहीं पालकांना या रीतीनें शिकविलें. त्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या आई होत्या. वय चाळिशीच्या पुढें. दत्तवाडींत राहतात, आणि म्हात्रे पुलावरून एरंडवण्यांत जाऊन चार घरीं स्वयंपाक करतात. चार घरें चार टोंकांना, त्यामुळें त्यांचा दिवसाकांठीं बराच वेळ नुसता चालण्यांत जाई, आणि उशीर झाला कीं रिक्षाला पैसे मोजावे लागत. पहिल्या दिवशीं त्या सायकलीला हात लावण्यास तयार होईनात; कुंपणाशीं मुलें उभीं होतीं. आम्हीं मुलांस आंत पाठविलें आणि फाटक लावून घेतलें. दुसऱ्या शनिवारीं पायडलें नसलेल्या सायकलीवर त्या मैदानभर हिंडल्या. तिसऱ्या शनिवारीं पाय उचलले गेले. त्यांचा मुलगा शेजारून धांवत ओरडत होता, "आई, चाकाकडे नको बघूस, पुढें बघ!" त्यांनीं उत्तर दिलें, "तूं आधीं गप्प बस!" आणि त्या रागाच्या भरांत त्या चाकाकडे पाहावयाचें विसरल्या व थेट भिंतीपर्यंत गेल्या.

त्याच वेळीं शिकणारे एक गृहस्थ अंगानें चांगले दणकट होते. त्यांना अधिक दिवस लागले. शक्तीनें हँडल दाबून धरलें म्हणजे सायकल सरळ जाईल, ही त्यांची समजूत लवकर जाईना.

साडीविषयीं एक सूचना. पदर खोंचून घ्यावा, ओढणी असल्यास पाठीमागें गांठ मारावी, चेनीवर पूर्ण झांकण आणि मागच्या चाकावर जाळी असलेली सायकल घ्यावी. पुरुषांनींही उजव्या पायाची विजार घोट्याशीं बांधावी. मधली दांडी नसलेली सायकल नवशिक्या पुरुषासही अधिक सोयीची. ती केवळ बायकांची, हा वृथा अभिमान आहे. गिअरांची भानगड आरंभीं नको.

आतां शहराचा रस्ता. मैदानावरची सायकल आणि रस्त्यावरची सायकल या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि दुसरीसाठीं मैदानावरच एक तयारी करून घ्यावी लागते. ती म्हणजे मागें पाहणें. शिकविणारानें मागें उभें राहून बोटें वर करावीं. शिकणारानें चालत्या सायकलीवरून मान वळवून किती बोटें तें सांगावें, आणि सायकल रेघेवरून ढळूं देऊं नये. हें साधल्यावांचून आणि एक हात सोडून वळण्याची खूण करतां आल्यावांचून कोणीं मोठ्या रस्त्यावर जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सायकलीला परवाना लागत नाहीं, आणि शिरस्त्राणाची सक्तीही कायदा करीत नाहीं. म्हणूनच या दोन्ही गोष्टींचा विचार आपला आपणच केला पाहिजे. शिरस्त्राण आम्ही घालावयास लावितों.

रस्त्याच्या डाव्या बाजूनें जावें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु डावी बाजू म्हणजे गटाराची कड नव्हे. कडेपासून सुमारें एक मीटर अंतर ठेवावें. अगदीं कडेला वाळू, कांचा आणि झांकणें असतात, आणि तेथून वांकडें व्हावें लागलें कीं मागच्या गाडीपुढें एकाएकीं यावें लागतें. उभ्या मोटारींपासूनही दार उघडेल इतकें लांब राहावें. आणि ही गोष्ट तर कोणीं विसरूं नये : बस किंवा ट्रक चौकांत उभा असतां त्याच्या डाव्या बाजूनें पुढें घुसूं नये. तेथें असलेला सायकलस्वार चालकाला दिसत नाहीं, आणि गाडी डावीकडे वळली तर सुटण्यास जागाही उरत नाहीं. मागें थांबावें, त्यांत फार तर एक मिनिट जातें.

उजवीकडे वळण्याचा मोठा चौक आला तर उतरावें आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून सायकल हातीं धरून ओलांडावें. यांत कमीपणा कसला? आम्ही वर सांगितलेल्या बाई आजही तसेंच करतात, आणि तरीही पूर्वींपेक्षां अर्धा तास उशिरा घरून निघून वेळेवर पोंचतात. तो अर्धा तास मुलाला उजळणीसाठीं मिळतो, हें आम्हांस त्याच्या वह्यांवरून कळलें.

वाट निवडण्यांतही शहाणपण आहे. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकलींसाठीं सबंध शहराचा आराखडा मंजूर केला; परंतु जे सायकलमार्ग आखले आहेत ते सलग नाहींत, आणि ठिकठिकाणीं त्यांवर वाहनें उभीं असतात. तोंपर्यंत आपली वाट आपणच शोधावी. एरंडवण्याहून डेक्कनकडे जावयाचें तर कर्वे रस्त्याच्या गर्दींत शिरण्यापेक्षां प्रभात रस्त्याच्या बाजूच्या गल्ल्यांतून जावें. दोन मिनिटें अधिक लागतील, पण झाडांची सावली मिळेल. नवी वाट प्रथम रविवारीं पहाटे, कोणी जाणता बरोबर घेऊन, चालवून पाहावी. म्हणजे खड्डे कोठें आणि चढ कोठें हें कळतें.

पावसाळ्यांत रंगविलेले पट्टे, लोखंडी झांकणें आणि ओला पालापाचोळा यांवर ब्रेक दाबूं नये व वळूंही नये. पाण्यानें भरलेला खड्डा किती खोल हें वरून दिसत नाहीं, तेव्हां तो टाळावा. रात्रीं पुढें पांढरा आणि मागें तांबडा दिवा असावा. दिवा नसला म्हणून पूर्वीं पोलीस चौकांत अडवीत, अशा हकीकती वडील मंडळी हंसून सांगतात; अंधारांत मागून येणाऱ्या मोटारीला मात्र आपण दिसलों पाहिजे. चांगलें चालवितां येऊं लागलें म्हणजे बैठक वर घ्यावी : टांच पायडलावर ठेवून तें अगदीं खालीं नेलें असतां पाय सरळ व्हावा. बैठक खालींच ठेवून चालविणाऱ्याचे गुडघे दुखतात, आणि दोष बिचाऱ्या सायकलीला मिळतो.

ज्या पालकांना शिकण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठीं यंदाही शनिवारीं दुपारीं चार वाजल्यापासून मैदान मोकळें ठेविलें आहे. पायडलें काढलेल्या दोन सायकली शिपायाकडे आहेत, आणि पंधराचा पाना कार्यालयांत टांगलेला आहे. फाटक लावून घेतलें जाईल.