फवाऱ्याचे औषध आणि पोटातले बाळ

शेतावरची कीड मारायला आपण जे फवारतो त्याला आपण औषध म्हणतो. कपाशीला औषध मारले, हरभऱ्याला औषध मारले, अशी आपली बोलायची रीत आहे. आणि गावात कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतले, तर "त्याने औषध घेतले" असेही आपणच म्हणतो. शब्द एकच आहे. ते विष आहे हे आपल्याला पुरते ठाऊक आहे, फक्त नाव गोड ठेवले आहे.

हे विष मोठ्या माणसाला कसे बाधते ते आपण पाहिले आहे. डोळे चुरचुरतात, मळमळते, घाम सुटतो, तोंडाला लाळ येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले आणि वीसच्या वर माणसे दगावली. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. फवारा अंगावर, तोंडावर येत होता. ही बाधा डोळ्यांना दिसते. या धड्यात आम्ही न दिसणाऱ्या बाधेविषयी सांगणार आहोत. बाई गरोदर आहे, शेतात काम करते, किंवा तिचे घर शेताला लागून आहे. तिला काही झालेले नाही. पण तिच्या पोटातल्या बाळाचे काय?

गेली काही वर्षे शास्त्रज्ञ याचा शोध घेत आहेत. त्यात एका गोष्टीचे नाव वारंवार येते. ते नाव आहे ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात.

स्वमग्न मूल कसे असते? दिसायला ते चारचौघांसारखेच असते. पण वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही. कान मात्र चांगले असतात. "चांदोबा कुठे आहे?" म्हटले तर बोट करून दाखवत नाही. नजरेला नजर देत नाही. बोलायला उशीर होतो, किंवा आपण बोललो तेच पुन्हापुन्हा म्हणते. एखादे चाक तासभर फिरवत बसते. मिक्सरचा किंवा फटाक्यांचा आवाज झाला की कान झाकून किंचाळते. सगळ्याच मुलांत ही सगळी लक्षणे नसतात. काही मुले पुढे शिकतात, नोकरी करतात. काहींना जन्मभर दुसऱ्याचा हात लागतो. साधारण शंभर मुलांमागे एक मूल असे असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. म्हणजे मोठ्या गावात अशी पाच-दहा मुले असणारच. आपण त्यांना वेडे म्हणतो, मुके म्हणतो, किंवा बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतो.

आणि दोष कोणाला देतो? आईला. ग्रहणात विळी हातात घेतली असेल, डोहाळे पुरवले नसतील, नाहीतर मागच्या जन्मीचे काही असेल. आम्हांला सांगायला हवे की या बाबतीत शिकलेले लोकही शहाणे नव्हते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी या मुलांचे पहिले नीट वर्णन लिहिले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे मोठमोठे डॉक्टर म्हणत राहिले की आईने माया लावली नाही म्हणून मूल असे झाले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून हे खोडून काढले. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही, असे त्यांनी दाखवले. आज तेच खरे धरले जाते.

मग मेंदूची घडण अशी का होते? त्यात सर्वांत मोठा वाटा आनुवंशिक आहे. जसा रंग, उंची आईबापांकडून येते तसेच हे. शिवाय बाळ फार लवकर जन्मणे, गरोदरपणी आईला रुबेला नावाचा गोवरासारखा ताप येणे, किंवा फिटीवरचे व्हॅल्प्रोएट नावाचे औषध चालू असणे, ही कारणेही माहीत झाली आहेत. (फिटीचे औषध मात्र मनानेच बंद करू नये. त्यातही जिवाला धोका आहे. डॉक्टरला विचारून बदलून घ्यावे.) आणि हवेतून, पाण्यातून, मातीतून येणाऱ्या विषांचाही यात थोडा वाटा असावा, अशी शंका आहे.

शंका कशावरून? आधी हे विष काम कसे करते ते पाहू.

पाटाचे पाणी वाफ्यात सोडायचे तर दारे धरणारा गडी लागतो. तो दार उघडतो, वाफा भिजतो, मग तो दार बंद करून पुढे जातो. आपल्या शिरांतून मेंदूचे निरोप असेच जातात. निरोप पोचला की तो बंद करणारा एक रस शरीरात असतो. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस अशा जातीची विषे त्या रसालाच बांधून ठेवतात. दार उघडे ते उघडेच राहते. वाफा तुंबतो, बांध फुटतो. अळी अशीच तडफडून मरते. आता ध्यानात घ्या, अळीच्या शिरांत जो रस आहे तोच माणसाच्याही शिरांत आहे. विषाला अळी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. अळी लहान म्हणून थोड्यात मरते, आपण मोठे म्हणून टिकतो, इतकेच.

पोटातले बाळ मात्र लहान आहे. त्याचा मेंदू अजून बांधून व्हायचा आहे. विष पचवून बाहेर टाकायची त्याची ताकद कमी असते. आणि हे विष वारेतून पलीकडे जाते. क्लोरपायरीफॉस बाळाच्या नाळेच्या रक्तात सापडले आहे.

हे झाले विषाचे काम. पण त्यामुळे खरोखर मुले स्वमग्न होतात का, हे कसे पाहायचे? बाईला मुद्दाम विष देऊन तर पाहता येत नाही. यासाठी एक चांगली नोंदवही कामी आली, आणि ती लिहिली होती शेतकऱ्यांनी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे दोन डोंगररांगांच्या मध्ये एक लांबच लांब खोरे आहे. द्राक्षे, बदाम, टोमॅटो, कापूस असे सगळे तिथे पिकते. १९९० सालापासून तिथे कायदा आहे की शेतकऱ्याने कोणत्या दिवशी, कोणत्या शेतात, कोणत्या पिकावर, कोणते औषध किती मारले ते सरकारात लिहून द्यायचे. इतकी वर्षे इतकी नोंद दुसरीकडे कुठे क्वचितच झाली असेल. शास्त्रज्ञांनी एका बाजूला ही वही घेतली. दुसऱ्या बाजूला स्वमग्न मुलांची नोंद घेतली. मूल पोटात होते तेव्हा त्याच्या आईचे घर कुठे होते ते पाहिले, आणि त्या घराजवळ तेव्हा काय फवारले होते ते शोधले.

२००७ साली पहिला मोठा निष्कर्ष आला. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्यांच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत एंडोसल्फान आणि डायकोफॉल ही औषधे सर्वांत जास्त मारली गेली, त्या आयांच्या मुलांत ऑटिझम सहा पट दिसला. आकडा भयंकर वाटतो. पण अशा आया अवघ्या २९ होत्या. एवढ्या थोड्या माणसांवरून पक्के बोलता येत नाही. २०१४ साली दुसरा अभ्यास झाला. त्यात क्लोरपायरीफॉसच्या जातीची औषधे घरापासून सुमारे दीड किलोमीटरच्या आत मारली असतील तर धोका ६० टक्क्यांनी अधिक दिसला. २०१९ साली तिसरा अभ्यास फार मोठा झाला. २,९६१ स्वमग्न मुले आणि त्यांच्याशी ताडून पाहायला ३५ हजारांवर इतर मुले. त्यात आईच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑन, ग्लायफोसेट अशी औषधे मारली असतील तर धोका १० ते १६ टक्क्यांनी अधिक दिसला.

टक्के म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, नाहीतर उगाच घबराट व्हायची. शंभरात सोळा मुले स्वमग्न होतात, असा याचा अर्थ नव्हे. हजार मुलांत दहा मुले स्वमग्न असतील असे धरा. धोका १६ टक्क्यांनी वाढला म्हणजे दहाच्या जागी अकरा-बारा होतील. ६० टक्क्यांनी वाढला तर सोळा होतील. बाकीची नऊशेऐंशीच्या वर मुले तशी नसतीलच.

आता कोणी विचारील, "मग फवाऱ्यानेच ऑटिझम होतो हे ठरलं का?" नाही. पावशा पक्षी ओरडतो आणि मागून पाऊस येतो. पण पावशा काही पाऊस आणत नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ दिसल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असे होत नाही. या अभ्यासांत घर आणि शेत यांतले अंतर मोजले, आईच्या अंगात विष किती गेले ते मोजलेले नाही. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात, संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेले नाही. आमचे मत विचाराल तर असे. पावशाच्या बाबतीत पक्षी पाऊस कसा आणील हे कोणाला सांगता येणार नाही. इथे मात्र विष शिरांवर काम करते हे ठाऊक आहे, ते वारेपलीकडे जाते हेही ठाऊक आहे, आणि तीन वेळा पाहिले तेव्हा तिन्ही वेळा बोट एकाच दिशेला गेले. पुरावा पुरा होईपर्यंत गरोदर बाईने पंपाला पाणी भरत राहावे, हे काही आम्हांला पटत नाही. कॅलिफोर्निया सरकारही पुरते थांबले नाही. मुलांच्या मेंदूला होणारे नुकसान पाहून तिथे २०२० साली क्लोरपायरीफॉसची विक्री बंद केली, आणि त्या वर्षअखेर शेतातला त्याचा वापरही जवळजवळ पुरता थांबवला.

एंडोसल्फानची गोष्ट तर आपल्या देशातली आहे. केरळच्या कासरगोड भागात सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागा होत्या. वीस वर्षांच्या वर तिथे हेलिकॉप्टरने हे विष फवारले गेले. खाली घरे, विहिरी, ओढे होते. पुढे त्या गावांत मतिमंद, अपंग, फिटी येणारी मुले फार दिसू लागली. लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यात नोकरी करणाऱ्या बाईंनी १९९८ साली कोर्टात दाद मागितली. २००० साली फवारणी थांबली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशात एंडोसल्फानवर बंदी घातली, आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्या असा हुकूम केला. कोणत्या मुलाचे दुखणे नक्की विषामुळे आणि कोणाचे दुसऱ्या कारणाने, यावर वाद झाले. पण दाद मागितली नसती तर हेलिकॉप्टर कधी थांबले असते कोण जाणे.

मग औषध मारायचंच नाही का? पीक वाचवायचे असते, कर्ज फेडायचे असते, हे आम्ही जाणतो. जेवढी कमी फवारणी होईल तेवढे चांगले. पण जी होते तिच्यापासून गरोदर बाईला दूर ठेवणे तर आपल्या हातात आहे. पुष्कळ घरांत पंप पुरुष पाठीवर घेतो, म्हणून बाई सुटली असे आपल्याला वाटते. पण पाणी वाहून कोण आणते? औषध कालवायला हाताशी कोण असते? दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या शेतात निंदायला कोण जाते? आणि विषाने भिजलेला सदरा कोण धुते? दिवस गेल्यापासून ही चारही कामे तिच्याकडे नसावीत. दिवस राहिले हे कळायलाच महिना-दीड महिना जातो, आणि बाळाच्या मेंदूची सुरुवात तर तेव्हाच होते. म्हणून नवी लग्न झालेली सून असेल तर आधीपासूनच सांभाळावे. फवारणीचा सदरा ज्याचा त्याने धुवावा. घरच्या कपड्यांत, बाळाच्या दुपट्यांत तो टाकू नये. वारा घराकडे वाहत असेल तर त्या दिवशी पंप उचलू नये. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, दाणे भरू नयेत. तो कितीही घासला तरी विष राहते.

ज्यांच्या घरी असे मूल आधीच आहे त्यांनी या धड्यावरून आईला बोल लावू नये. एका मुलापुरते कारण कोणता डॉक्टरही सांगू शकत नाही. "अंगातले विष काढून मूल बरे करतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्यापासून सांभाळा. २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा अशाच विष काढायच्या सलाईनने दगावला. लस टोचल्याने ऑटिझम होतो हेही खोटे आहे. १९९८ साली तसे लिहिलेला लेख त्याच मासिकाने २०१० साली रद्द केला. मुलाला आशाताईंना किंवा अंगणवाडीत दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. जितके लवकर शिकवायला लागाल तितके मूल बोलायला, खेळायला लवकर लागते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझमचे नाव आहे. त्याचा दाखला मिळतो.

आता आपल्याला वाचता येऊ लागले आहे. औषधाचा डबा हातात घ्या. त्यावर पतंगासारखी एक चौकोनी खूण असते. तिचा खालचा भाग लाल असेल तर विष सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मात्र हा रंग विष लगेच किती बाधते तेवढेच सांगतो. पोटातल्या बाळाविषयी तो काही सांगत नाही, म्हणून गरोदर बाईने हिरव्यापासूनही दूर राहावे. डब्यासोबत एक पत्रक असते. ते देणे कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर दुकानदाराकडे मागून घ्या. औषध कसे कालवावे, बाधा झाली तर उतारा कोणता, हे त्यात असते. फवारणीत कोणाला गरगरले तर त्याच्यासोबत तो डबा आणि ते पत्रकही दवाखान्यात न्या.