पडवीतील फुलझाडे व त्यांची माती
(निसर्ग-अभ्यास व कार्यानुभव यांसाठी एक पाठ)

राष्ट्रीय सणाच्या दिवशी अनेक शाळांच्या पडवीत फुललेल्या कुंड्यांची रांग मांडलेली दिसते. तीच रांग उन्हाळी सुटी संपता संपता करपलेल्या काटक्यांची झालेली असते. यात दोष झाडाचा क्वचितच असतो, आणि दर वेळी तो केवळ पाण्याच्या अभावाचाही नसतो. कुंडीतील झाड हे एका अर्थी बंदिवान होय. वाडीतील माड आपली मुळे कित्येक हात दूर पसरून अन्न शोधतो. कुंडीतील अबोलीला वीतभर मातीपलीकडे जाता येत नाही. त्या मातीत जे घातले जाईल, तेवढेच तिचे अन्न. म्हणून कुंडीचे संगोपन हा केवळ शोभेचा विषय नसून, आपल्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या जिवाची जबाबदारी घेण्याचा पाठ आहे.

भूमीची ओळख

उदाहरणादाखल रत्नागिरीलगतचे भाट्ये हे गाव घ्यावे. काजळी नदीच्या मुखाशी, खाडीच्या दक्षिण तीरावर ते वसले आहे. किनाऱ्याला पुळण व सुरूचे बन, तर मागील अंगास जांभ्या दगडाचा सडा. अशा रीतीने दोन भिन्न प्रकारच्या माती येथे हाताशी आहेत. पुळणीतून पाणी झरझर निघून जाते आणि त्याबरोबर विरघळलेले अन्नही जाते. सड्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, त्यामुळे तो मुळांना सहजी मिळत नाही. शिवाय पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो व उघड्या जमिनीचे सत्त्व धुऊन नेतो. या दोन्ही मातींना एकच औषध लागू पडते. ते म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश. तो पुळणीला पाणी धरावयास शिकवितो आणि तांबड्या मातीला भुसभुशीत करून तिच्यातील स्फुरद मोकळा होण्यास साहाय्य करतो.

हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावे. तीन सारख्या डब्यांच्या बुडाला भोके पाडून एकात पुळणीची कोरडी वाळू, दुसऱ्यात तांबडी माती व तिसऱ्यात तीन भाग वाळू आणि एक भाग कंपोस्ट भरावे. प्रत्येकात अर्धा लिटर पाणी ओतून खाली गळलेले पाणी मोजावे. कोणत्या डब्याने किती पाणी राखले, हे मुलांनी स्वतः वजाबाकी करून काढावे.

खत कसे सिद्ध करावे

इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची पद्धती सिद्ध केली. तिचे विवरण करणारा ग्रंथ त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली प्रसिद्ध केला. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व थोडी राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, ढीग वेळोवेळी परतावयाचा, की सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, सुवासिक खत हाती येते. कोकणात पातेरा जाळण्याची चाल आहे. जाळल्याने राख उरते खरी. परंतु नत्र व सेंद्रिय अंश धुरावाटे निघून जातात. तोच पातेरा कुजविल्यास दोन्ही बहुतांशी जमिनीत राहतात.

भाट्ये येथे १९५५ साली सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आहे. माडांच्या सावलीत मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही कल्पना तेथे रूढ झाली. जवळच्या शाळांनी पूर्वपरवानगी घेऊन तेथे सहल न्यावी. माडाच्या झावळ्यांतून झिरपणाऱ्या उन्हात कोणती झाडे सुखाने वाढतात, हे पाहिल्यावर पडवीतील झाडांची निवड सुलभ होते.

कुंडी भरणे

दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट व एक भाग काथ्याचा भुसा असे मिश्रण अबोली, बेगोनिया यांस मानवते. काथ्याचा भुसा खाऱ्या पाण्यात कुजविलेल्या सोडणांचा असल्यास त्यात मीठ असते. म्हणून तो गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावा. किनाऱ्यावरील वाळूसही हाच नियम लागू आहे. कुंडीच्या भोकावर कौलाचा तुकडा पालथा ठेवावा. ताजे शेण कधीही घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते आणि कोवळी मुळे पोळतात.

अन्न केव्हा व किती

नत्राने पाने वाढतात, स्फुरदाने मुळे बळावतात व फुलोऱ्यास साहाय्य होते, पालाशाने झाड काटक बनते. मध्यम आकाराच्या कुंडीस महिन्यातून एकदा ओंजळभर कंपोस्ट व दोन चमचे निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळावी. कळ्या धरण्याच्या सुमारास १०० ग्रॅम भुईमूग पेंड १ लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी मिसळून पंधरवड्यास एकदा द्यावी. माती कोरडी असताना हे पाणी घालू नये. आधी साधे पाणी द्यावे. चुलीची राख दोन महिन्यांतून चमचाभर पुरे. ती पेंडीबरोबर मिसळू नये, कारण त्यायोगे नत्र वायुरूपाने उडून जातो.

झाडाची भाषा मुलांना वाचावयास शिकवावी. जुनी पाने सर्वत्र पिवळी पडली, तर नत्राची उणीव असण्याचा संभव असतो. कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोह मिळत नाही. बहुधा राख अधिक झालेली असते. कुंडीच्या काठावर पांढरा थर आला, तर क्षार साठले आहेत असे समजावे. पाने गर्द परंतु फूल नाही, अशी स्थिती असल्यास नत्र जास्त झाला आहे किंवा उजेड अपुरा आहे. उजेडाची उणीव कोणतेही खत भरून काढू शकत नाही, ही गोष्ट विशेष ठसवावी. अशा वेळी कुंडी पडवीच्या आतल्या कोपऱ्यातून उजेडाच्या काठाशी आणावी. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागल्यास थांबावे. अतिपाण्याने गुदमरलेले झाड तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते, आणि दयाळू मूल त्याला आणखी पाणी घालते. ही चूक माया अपुरी असल्याची नसून निरीक्षण अपुरे असल्याची आहे, हे मुलांना रागावून नव्हे, तर कुंडी उपडी करून, मुळे दाखवून पटवावे.

सुटीची व्यवस्था

सुटी लागण्यापूर्वी कुंड्या एकमेकींना चिकटून सावलीत ठेवाव्या, मातीवर सोडणांचे तुकडे अंथरावे, खत देणे थांबवावे आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये पाण्याच्या पाळ्या लावून द्याव्या. पाळीचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा प्रत्येकाच्या वहीत उतरवून देणे इष्ट.

पाठाची परीक्षा

१. अबोलीच्या नऊ सारख्या रोपांपैकी तीन नुसत्या मातीत, तीन कंपोस्टमिश्रित मातीत व तीन तशाच मातीत पेंडीचे पाणी देऊन वाढवावी. दर आठवड्यास पानांची व फुलांची संख्या नोंदवावी. प्रत्येक प्रकारची तीन रोपे का घेतली?
२. नऊही कुंड्या एकाच उजेडात का ठेवावयाच्या?
३. पातेरा जाळल्याने काय उरते व काय जाते?

मूठभर सुपीक माती तयार करण्यास किती दिवस व किती कचरा लागला, याचा हिशेब या वहीत आपोआप राहतो. ज्या मुलाने तो एकदा मांडला, त्याला पहिल्या पावसात गढूळ होऊन खाडीकडे धावणारे पाणी निराळेच दिसू लागेल. आपल्या वाडीला बांध घालण्याची बुद्धी त्याला तेथूनच होईल.