हप्त्यातील न सुटणारा विमा

घरासाठी कर्ज काढताना विमाही उतरविला, असे कोणी सांगितले की आपल्याकडे तो बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा समजला जातो. कर्ता माणूस गेला तर कुटुंबावर बोजा राहू नये, हा त्याचा हेतू. अमेरिकेतील सरकारी हमीच्या गृहकर्जात मात्र विम्याचे पैसे कर्जदार भरतो आणि संरक्षण मिळते ते कर्ज देणाऱ्या बँकेला.

महामंदीच्या काळात, १९३४ साली, तेथे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था स्थापन झाली. ती स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बुडाल्यास बँकेचे नुकसान भरून देते. या हमीमुळे घराच्या किमतीच्या अवघे साडेतीन टक्के पदरचे घालून घर घेता येते. तीन लाख डॉलरच्या घराला १०,५०० डॉलर पुरतात. उरलेल्या २,८९,५०० डॉलरच्या कर्जावर सुरुवातीलाच पावणेदोन टक्के विमाशुल्क लागते. शिवाय मार्च २०२३ पासूनच्या दराने वर्षाला ०.५५ टक्के, म्हणजे प्रारंभी दरमहा सुमारे १३० डॉलर, हप्त्यासोबत द्यावे लागतात.

हा विमा सुटतो केव्हा? ३ जून २०१३ पासून नोंदलेल्या कर्जांत, किमान दहा टक्के रक्कम स्वतः भरणाऱ्याचा अकरा वर्षांनी सुटतो. त्याहून कमी भरणाऱ्याचा कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. खाजगी विम्याबाबत १९९८ चा कायदा आहे. मुद्दल घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आले की विमा रद्द करण्याची मागणी करता येते. सरकारी विम्याला तो कायदा लागू नाही. ज्याच्या गाठीशी पैसा कमी, त्याच्याच मागे विमा अखेरपर्यंत, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

मग वाट उरते ती सरकारी हमी नसलेले नवे कर्ज काढून जुने फेडण्याची. मुद्दल घटून किंवा घराची किंमत वाढून कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत आले असेल, तर नव्या कर्जाला विमा लागत नाही.

परंतु व्याजाचा दर पाहिल्याविना ही वाट धरू नये. २०२१ साली तेथे सुमारे तीन टक्क्यांनी कर्ज मिळत होते. २०२३ मध्ये दर सात टक्क्यांच्या घरात पोहोचला. अडीच लाख डॉलर बाकी असलेल्या कुटुंबाने तेव्हा कर्ज बदलले असते, तर ०.८५ टक्क्याच्या जुन्या दराने विम्याचे वर्षाला २,१२५ डॉलर वाचले असते आणि व्याजापोटी सुमारे १०,००० डॉलर अधिक गेले असते. नव्या कर्जाचा कागदपत्रांचा खर्च निराळाच.