एमसीए की एमबीए? बस जरा, सांगते

मने, "एमसीए करू की एमबीए?" हे तू मला विचारलंस, मामांना विचारलंस आणि त्या क्लासवाल्यालाही. ज्याची बॅच भरायची राहिली असेल तेच तो सांगणार. त्याचं सोड.

आधी खरं बोल. कोड लिहायला बसलीस की जेवणाची शुद्ध राहत नाही, असं कधी झालंय का तुझं? बीबीए-सीएला जावाची प्रॅक्टिकलं तू कुणाच्या फाईलवरून उतरवलीस ते मला ठाऊक आहे. रागावत नाहीये गं. पण गॅदरिंगचा हिशेब एक्सेलमध्ये मांडून कुणाकडे किती पैसे अडकलेत ते तूच शोधलंस ना? यंत्र उघडून बघायची आवड वेगळी आणि त्याच्याकडून काम करून घ्यायची वेगळी. तुझी दुसरी आहे, असं मला वाटतं.

या दुसऱ्या आवडीचंच नाव आयटी मॅनेजमेंट. कोल्हापूरकडच्या वारणेची गोष्ट ऐक, म्हणजे कळेल. 1998मध्ये तिथे सत्तरेक गावांत सरकारी पैशातून कॉम्प्युटर बसवले, 'वायर्ड व्हिलेज' म्हणून गाजावाजा झाला. इंटरनेटवरून शेतकऱ्याला सगळं जग दिसेल, असा बेत होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टचे संशोधक गेले तर काय दिसलं? शेतकऱ्याला हवं होतं एवढंच, की माझ्या उसाचं वजन किती भरलं, खताचे किती कापले आणि बिल कधी निघणार. मग त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर आणून बघितलं, आणि ते चाललं. केंद्र उघडायची वाट बघायला नको, घरबसल्या विचारा. आपल्या आप्पांचं तरी वेगळं काय आहे? तोड आली की त्यांनाही काट्याची पावतीच हवी असते.

आणि हे जुनं झालं म्हणू नकोस. 2022मध्ये केंद्राने देशातल्या 63,000 विकास सोसायट्या कॉम्प्युटरवर आणायला 2,516 कोटी मंजूर केले. यंत्र येतं गं; पण वहीतलं येणं-बाकी त्यात नीट चढवणं, सचिवाला हाताशी धरून शिकवणं, आकडे जुळले नाहीत तर कुठे चुकलं ते काढणं, हे कुणी करायचं? नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीतही तेच. नवं सॉफ्टवेअर आलं, तर स्टोअरचे काका दिवसभर वहीत लिहायचे आणि संध्याकाळी एकदम चढवायचे. दुपारचा स्क्रीनवरचा स्टॉक रॅकमधल्या मालाशी जुळेल कसा? सगळे काकांना बोल लावायचे. खरं तर गेटवर ट्रकची रांग असताना त्यांना भाराभर रकाने भरावे लागत होते. निम्मे रकाने नंतर भरायचे केले, आणि वही आपोआप बंद पडली.

म्हणून तुला मी एमबीए सांगेन. एमसीए वाईट नाही. 2020पासून दोनच वर्षांचं झालंय, पण त्यात प्रोग्रॅमिंगची खरी भूक लागते. एमबीए कुठल्याही पदवीवर होतं. पुढे स्पेशलायझेशन निवडताना बिझनेस ॲनालिटिक्स किंवा ऑपरेशन्स घे. मात्र एसक्यूएल पक्कं कर, नाहीतर सॉफ्टवेअर विकणारा काय गंडवतोय ते कळायचंही नाही. आणि समर इंटर्नशिपला पुण्याच्या चकचकीत ऑफिसात फोटो काढत बसू नकोस. नागापूरला किंवा सुप्याला एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी राहा.

पुण्यालाच जायचं हा हट्ट कशाला, ते मला कळलेलं नाही. नगरला आयएमएस आहे, संगमनेरला अमृतवाहिनी, कोपरगावला संजीवनी. पुण्यात खोली, मेस, येणं-जाणं यातच आप्पांचा जीव मेटाकुटीला येईल. अर्थात सीईटीत मोठं कॉलेज मिळण्याएवढे मार्क पडले तर मीच तुला तारकपूरला एसटीत बसवून देईन.

फीचं मात्र नीट ऐक. जुलै 2024च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. "मॅनेजमेंट कोट्यातून आजच सीट पक्की करा" असा कुणाचा फोन आला तर ठेवून दे. त्या सीटवर माफी नाही. हॉस्टेल, मेस तेवढं आपलं.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आत्ताच काढून ठेव. निकाल लागला की सेतूत पाय ठेवायला जागा नसते. आप्पांशी मी बोलते.