स्वभाव रक्तातच असतो काय?

'बाप तसाच होता, पोरगाही तसाच निघाला. रक्तातच आहे!' हे वाक्य आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. मूल घाबरट, निराश किंवा स्वतःला कमी लेखणारे असले की एवढे बोलून आपण मोकळे होतो. आम्हीही ते अनेकदा बोललो आहोत. म्हणूनच विज्ञान याविषयी काय सांगते, ते पाहणे अगत्याचे आहे.

न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास ती तीन वर्षांची असल्यापासून चालू आहे. २००३ साली कॅस्पी, मॉफिट आदी संशोधकांनी त्यावरून एक निष्कर्ष मांडला. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्यात होता आणि बालपणी ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्यात पुढे नैराश्य अधिक आढळले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर केवळ मुद्दलाने व्याज होत नाही आणि केवळ दरानेही होत नाही; दोन्ही लागतात.

परंतु विज्ञान स्वतःचीही झडती घेते. २०१९ साली लाखो लोकांची माहिती तपासली असता त्या एका जनुकाला आधार मिळाला नाही. अनुवंशाचा वाटा मात्र खोटा ठरला नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून नैराश्याच्या बाबतीत तो साधारण ३७ टक्के दिसतो. पण तो असंख्य जनुकांत कणाकणाने विखुरलेला आहे. म्हणजे 'नैराश्याचे जनुक' असे एकच काही नाही.

बालपणाचा वाटा तर स्पष्टच आहे. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मारहाण, अपमान, घरातील दारू अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आपत्ती बालपणी सोसलेल्यांत नैराश्य, व्यसन व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका कितीतरी पटींनी जास्त आढळला.

असे का व्हावे? मार खाणारे मूल 'बाप चुकतो' असा विचार सहसा करीत नाही. ते म्हणते, 'मीच वाईट.' हाच निष्कर्ष मोठेपणी आपोआप मनात उमटत राहतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात अशा विचारांवर उपचारपद्धती उभी केली : विचार कागदावर लिहावा, त्याला पुरावा काय ते विचारावे, आणि पुरावा नसेल तर तो बदलावा. ही सवय शिकता येते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जनुके आपल्या हाती नाहीत. पण मुलावर उगारलेला हात आणि तोंडून निघणारा शब्द आपल्याच हाती आहे. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांकडे जावे, अथवा २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. यात लाज कसली? 'रक्तातच आहे' हे वाक्य आजपासून आपण आपल्या घरातून हद्दपार करू या.