गव्हाचे पथ्य आणि जिन

‘डॉक्टर, गहू कायमचा बंद केलाय. बिअर चालत नाही म्हणतात, मग जिन चालेल का?’ असा प्रश्न अलीकडे काही तरुण रुग्ण विचारतात, तोही इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात. प्रश्नात लाजण्यासारखे काही नाही. उत्तर मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण अर्धवट उत्तराने पथ्य मोडते.

हे पथ्य कशासाठी असते ते आधी पाहू. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिले, तर शेवटी हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लूटेन. हे एक प्रथिन आहे. ते गव्हात असते, तसेच जवात म्हणजे बार्लीत आणि राय या परदेशी धान्यात असते. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे.) सीलिॲक नावाच्या विकारात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील मखमलीसारखे बारीक अंकुर झिजतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. काहींना जुलाब होतात, मुलांची वाढ खुंटते, तर काहींचा रक्तक्षय लोहाच्या गोळ्या घेऊनही हटत नाही. पुढे हाडे ठिसूळ होतात. यावर उपाय एकच: ग्लूटेन जन्मभर आणि पूर्णपणे बंद. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे असे मानक आहे. यावरून थोडेसेही किती महत्त्वाचे ते ध्यानात यावे.

आता जिनकडे वळू. जिनसाठी लागणारा मद्यार्क गहू, बार्ली, मका अशा धान्यांपासून काढतात. आपल्याकडे तो उसाच्या मळीपासूनही काढतात. त्याला जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिला की जिन तयार होते. मग गव्हापासून काढलेल्या जिनमध्ये ग्लूटेन येते का? सहसा येत नाही. याचे कारण ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून ती थंड करण्याची क्रिया. आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवले की त्याच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात. त्या थेंबांत डाळ नसते, मीठही नसते. तसेच येथे होते. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळून वाफेबरोबर वर जातो, पण प्रथिनाची वाफ होत नाही. ग्लूटेन खालीच राहते. युरोपीय संघाने म्हणूनच असा मद्यार्क काढण्यासाठी वापरलेल्या धान्याचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेत करण्यापासून सूट दिली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२० च्या नियमात ऊर्ध्वपातनाने ग्लूटेन वेगळे होते हे मान्य केले. व्हिस्की, व्होडका यांनाही हाच न्याय लागू आहे. रम मळीची, फेणी काजूच्या बोंडांची किंवा माडाची, तर वाईन द्राक्षांची. त्यांच्या मुळातच गहू नाही.

बिअरचे तसे नाही. ती बार्लीच्या माल्टपासून आंबवून करतात, तिचे ऊर्ध्वपातन होत नाही. त्यामुळे ग्लूटेन ग्लासात उतरते. सीलिॲकच्या रुग्णाने नेहमीची बिअर वर्ज्यच समजावी.

जिनच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. वाफेतून निघाल्यावर तिच्यात काय मिसळले, ते महत्त्वाचे. वेगवेगळ्या चवींच्या जिन आणि बाटलीत तयार मिळणारी मिश्रणे यांत वरून अर्क, रंग, कधी माल्टही घातलेला असू शकतो. लेबल वाचावे. माल्ट किंवा बार्ली लिहिलेले असेल तर ती बाटली आपली नव्हे.

खरा धोका ग्लासापेक्षा शेजारच्या बशीत अधिक असतो. चखण्यातली शेव बेसनाची असली तरी तिच्यात मैदा मिसळलेला असू शकतो. ज्या कढईत समोसे तळले, त्याच तेलात भजी तळतात. चायनीज पदार्थांतला सोया सॉस बहुधा गहू घालूनच केलेला असतो. घरीही तेच. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असू शकतो. भाकरी ज्वारीची, पण गिरणीत गव्हामागून दळलेली असेल तर पिठात गहू आलाच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई ही आपली धान्ये निर्धोक आहेत. मात्र ती निवडून, घरच्या छोट्या चक्कीवर किंवा वेगळ्या गिरणीत दळावीत.

जिनमध्ये ग्लूटेन नाही, याचा अर्थ जिन आरोग्याला चांगली असा कोणी घेऊ नये. झिजलेले आतडे भरून येत असताना दारू त्याला आणखी त्रास देते, फोलिक ॲसिडचे शोषण कमी करते. यकृताचे नुकसान आणि कर्करोगाचा धोका हे तर सर्वांनाच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ साली दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही असे स्पष्ट सांगितले. जो पीत नाही त्याने ‘पथ्यात बसते’ म्हणून सुरुवात करू नये. नुकतेच निदान झालेल्यांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर ती टाळावीच.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. पोट बिघडते म्हणून स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. आधी रक्ताची ‘टीटीजी’ तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी करून घ्या. गहू आधीच बंद केला तर या तपासण्या खोट्या निर्दोष येऊ शकतात आणि आजार लपून राहतो. निदान पक्के झाले की मग पथ्य जन्मभराचे. ते लग्नाच्या पंगतीतही पाळायचे आणि मित्रांच्या बैठकीतही.